एरंडोलच्या पुढे

“सर, गॅस तर पूर्ण आहे,” सुपडू म्हणाला.

गेजच्या काट्याकडे बघत तो हे अगदी सहज म्हणाला, टायरमध्ये हवा आहे म्हणावं तसं. मी त्याच्या गॅरेजात पत्र्याच्या सावलीला स्टुलावर बसलो होतो. पारोळा रोडवर सकाळी दहालाच ऊन इतकं चढलं होतं की समोरून जाणाऱ्या ट्रकच्या टपावर नजर ठरत नव्हती. मी म्हणालो, “नीट बघ. वर्षभर गाडीचा एसी बंद आहे. गॅस उडून गेलाय त्यातला.” सुपडूने पुन्हा नीट बघितलं. तो नीटच बघतो, ती सवय त्याला मीच लावली आहे. “नाही सर. जराही गेलेला नाही. हा जॉइंट कुणी आवळला होता? एक नंबर काम आहे.” जॉइंट मी आवळला होता. गेल्या वर्षी धुळ्यात, देवपूरला माझ्या अंगणात, साबणाचा फेस लावून, कुठे बुडबुडा येतो ते चष्मा कपाळावर चढवून शोधत. एरवी कुणी असं कौतुक केलं असतं तर मी आठवडाभर फुशारलो असतो. पण आज ते कौतुक मला नको होतं. कारण वर्षभर मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आलो होतो, की त्या दिवशी गॅस गळाला. गाडी जुनी, रबर कडक झालेलं, रस्ता खाचखळग्यांचा, गळणारच. गळण्यात कुणाचा दोष नसतो. या एका समजुतीच्या जोरावर मी वर्षभर जेवलो, झोपलो, बायकोशी, नर्मदेशी बोललो, चारचौघांत बसलो. आणि आता हा पोरगा म्हणत होता की गॅस आतच आहे, होता तेवढा.

अठ्ठावीस वर्षं मी आय.टी.आय.मध्ये फिटर ट्रेडच्या पोरांना शिकवलं. वर्कशॉपच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात ‘पायरी गाळू नका’ असं लिहिलेलं असायचं, ते मी कधी पुसू दिलं नाही. सुपडूने एकदा खूण न करताच ड्रिल मारलं, तर तोच जॉब मी त्याच्याकडून चार वेळा करून घेतला होता. चौथ्या वेळी त्याच्या तळहाताला फोड आले आणि मी म्हणालो, आता बरोबर. त्याने राग धरला नाही. नाशिकला जाऊन गाड्यांच्या एसीचं काम शिकला, इथे गॅरेज टाकलं, उद्घाटनाला मला बोलावून सगळ्यांसमोर पाया पडला. “सुपडूले दखाडी द्या ना गाडी,” नर्मदा गेल्या वर्षी मला चारदा म्हणाली होती. मी काय म्हणालो ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. म्हणालो, ज्याला मी कानस कशी धरायची ते शिकवलं, त्याच्यासमोर मी स्टुलावर बसून राहू? एवढा गॅस मला भरता येत नाही? पैशाचा प्रश्नच नव्हता. ती निव्वळ घमेंड होती. आणि घमेंडीच्या आत हौस होती, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्ट खोटी होईल.

हौस नंदाची. सुनंदा, माझी एकुलती एक लेक. जळगावला दिली, जावई अभिमनराव तिथे टेलिफोन खात्यात. आमच्या खानदेशात दिवाळीला लेक आली नाही तरी चालतं, पण अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आलीच पाहिजे. झोके बांधलेले असतात, आंबे आलेले असतात, गल्लीतल्या बाकीच्या पोरी आलेल्या असतात. तिला आणायला भाऊ जातो, मुऱ्हाळी म्हणून. नंदाला भाऊ नाही, म्हणून मुऱ्हाळी मीच. लग्नानंतरच्या पहिल्या अखाजीला मी तिला एस.टी.ने आणलं होतं. जळगावपासून पारोळ्यापर्यंत ती उभी होती, एका हाताने वरची दांडी धरून, आणि धुळ्याला उतरल्यावर म्हणाली, “मजा उनी आबा.” ती असंच म्हणायची. ती तिसरीत होती तेव्हा तिची पाण्याची बाटली फुटली, तर मी वर्कशॉपमधून पत्रा आणून, कथलाचा डाग देऊन तिला नवी करून दिली होती. पुढे सहा महिन्यांनी तिच्या आईच्या लक्षात आलं की बाटली पहिल्या दिवसापासून गळते आहे. नंदा रोज मधल्या सुट्टीत वह्या काढून उन्हात वाळत घालायची आणि घरी काही बोलायची नाही. मला कळलं तेव्हा मी हसलो होतो. चारचौघांत कौतुकाने सांगत होतो, पोरगी किती समजदार आहे बघा.

सुपडूने इंजिन चालू केलं, एसीचं बटण दाबलं आणि मला गाडीत बसायला बोलावलं. “बघा सर, मस्त गार येतंय.” खरंच गार येत होतं. डॅशबोर्डच्या जाळीतून वारा येऊन माझ्या मनगटाला लागला आणि मी हात मागे घेतला. वर्षभर मी त्या बटणाला बोट लावलं नव्हतं. गाडी बाजारात, बँकेत, कुणाच्या मौतीला, सगळीकडे नेली, पण काचा खाली करून. सुपडू म्हणाला, “थोडा वेळ चालू राहू देऊ. लगेच सांगण्यात अर्थ नाही.” मी तिथेच पुढच्या सीटवर बसून राहिलो. मागे बघितलं नाही.

गेल्या वर्षी, चौऱ्याण्णव साली, अखाजी मे महिन्यात बरीच उशिरा आली होती. नंदाला आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे अखाजीला आणायची ती बाळ हातात घेऊनच परत पाठवायची, असं नर्मदेचं ठरलेलं. मी महिनाभर आधीच ही चार दारांची पांढरी गाडी एका डॉक्टरांकडून घेतली होती. एसी आहे पण गॅस नाही, एवढं त्यांनी सांगितलं होतं. चौथ्या गल्लीतल्या फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडून मी गॅसची टाकी, गेज, नळ्या असं सगळं आणलं. तो म्हणाला, “सर, व्हॅक्यूम पंप उद्या मिळेल, आज बाहेर गेलाय. आधी पंपाने आतली हवा न् ओल ओढून काढा, मगच गॅस सोडा.” उद्या पंप मिळणार होता. आणि उद्याच सकाळी मी जळगावला निघणार होतो, तसं व्याह्यांना कळवलं होतं. मुऱ्हाळी ठरल्या दिवशी गेला नाही तर सासरी पोरीला चार शब्द ऐकावे लागतात. मी विचार केला, पंपाचं काम गॅसवरच भागवू. थोडा गॅस सोडायचा, त्याच्या जोराने आतली हवा बाहेर ढकलायची आणि मग टाकी लावायची. रस्त्यावरचे मिस्त्री असंच करतात. मी तसं केलं. हवा गेली असेल. ओल अशी जात नाही, हे मला ठाऊक होतं. तरी केलं. मग इंजिन चालू करून नर्मदेला गाडीत बसवलं. ती पदर सावरत बसली, आणि जाळीतून गार वारा आल्यावर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, लहान पोरीसारखी हसली. दहा मिनिटं. मग मी बंद केलं. उगाच गॅस कशाला जाळायचा, असं म्हणालो. गॅस जळत नाही, हेही मला ठाऊक होतं.

त्याच कंजूषपणाने दुसऱ्या दिवशी जळगावला जाताना मी एसी लावला नाही. एकट्या माणसाला काय करायचाय? गारवा नंदासाठी राखून ठेवायचा. काचा खाली, गळ्यात ओला पंचा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि मी गाणं म्हणत होतो. माझ्या आयुष्यातल्या फार आनंदाच्या सकाळींत ती एक होती. जाताना एसी लावला असता तर मला रस्त्यातच सगळं कळलं असतं.

“सर, हे बघा,” सुपडू खिडकीतून म्हणाला. पंचवीसेक मिनिटं झाली असतील. गेजचा काटा हळूहळू खाली चालला होता. मी जाळीसमोर हात धरला. वारा तेवढाच येत होता, पण तो गार नव्हता. मग कोमट झाला. मग नुसता गरम. मला हा वारा माहीत होता. तो बोटांना लागला आणि माझ्या कानांत गुणगुण सुरू झाली. सुपडूने समोरच्या चहावाल्याकडून किटलीभर गरम पाणी मागवलं, फडकं भिजवलं, डॅशबोर्डखाली हात घालून एका ठिकाणी दाबून धरलं. पाच-सात मिनिटांत काटा वर आला, वारा पुन्हा गार झाला. त्याने फडकं पिळलं आणि वर्कशॉपमध्ये तोंडी परीक्षा देतात तसं सरळ उभं राहून सांगितलं, “आत ओल राहिलीय सर. पाण्याचा एखादा थेंब असेल. या व्हॉल्व्हचं भोक सुईएवढं. गाडी चालू झाली की अर्ध्या तासाने तिथे त्या थेंबाचा बर्फ होतो आणि गॅस अडतो. बंद केलं की बर्फ वितळतो, पुन्हा चालू. गॅस भरताना व्हॅक्यूम काढला नसणार कुणीतरी. काम हुशार माणसाचं आहे, फक्त ती एक पायरी गाळली.” तो बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं असावं की गाडी कुणाची, काम कुणाचं. तो फडकं झटकत राहिला. मी म्हणालो, “मीच.” तो म्हणाला, “होतं सर कधी कधी.” मी त्याला असं कधीच म्हटलं नव्हतं.

बंद केलं की बर्फ वितळतो. म्हणजे त्या दिवशी कुठल्याही लिंबाखाली दहा मिनिटं गाडी उभी केली असती, काचा उघडल्या असत्या, बंद करून पुन्हा चालू केलं असतं, तरी भागलं असतं.

जळगावहून सकाळीच, पोचल्या पोचल्या परत निघायचं ठरलं होतं. पण विहीणबाईंनी आमरस-पुरणपोळी केली होती, मग पाच सवाष्णी ओटी भरायला आल्या, बघता बघता दुपारचा एक वाजला. विहीणबाई, भिकुबाई त्यांचं नाव, दारात उभ्या राहून म्हणाल्या, “आठवा लागेल शे तिले. ऊन उतरू द्या ना आबा, संध्याकायले लई जा.” किती साधं बोलणं होतं. मी हसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “विहीणबाई, गाडीमा एसी शे. बाहेर आग पडो, आम्हले काय!” मग नंदाला मागच्या सीटवर उशी देऊन बसवलं आणि ताकीद दिली, काच उघडायची नाही हं, गार हवा पळून जाते. पाळधीपर्यंत गाडीत पौषातली सकाळ होती. नंदाने चक्क शाल मागितली. मी आरशातून बघत होतो. पोटावर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून ती हसत होती आणि म्हणत होती, “आबा, बठ्ठा जळगावले, सगयासले दखाडाले पाहिजे व्हतं.” मला वाटलं, झालं, आयुष्यात एक गोष्ट तरी मनासारखी झाली.

एरंडोल गेलं आणि जाळीतला वारा बदलला. मला ते कळलं. आजवर मी हे कुणालाही सांगितलेलं नाही, नर्मदेलाही नाही. सगळ्यांना सांगितलं की मी गाडी चालवण्यात होतो, लक्ष नव्हतं, पुढे बसणाऱ्याला फरक कळत नाही. साफ खोटं. मी डावा हात गिअरवरून उचलून जाळीसमोर धरला आणि मला कळलं की एसी गेला. मग मी तो हात परत गिअरवर ठेवला. असं का केलं? वर्षभर मी हा प्रश्न उलटासुलटा करून बघतोय. मला वाटलं, येईल परत. वाटलं, चढ आहे म्हणून असेल. वाटलं, आता थांबून काच उघड म्हणायचं म्हणजे व्याह्यांच्या दारात मारलेल्या बढाईचं काय? पण हेही सगळं नंतर शोधलेलं. त्या क्षणी मी एवढंच केलं, की तिला विचारलं, “गार लागस ना, नंदा?” आणि ती म्हणाली, “लागस आबा.” बस्स. तिला गार लागतंय, म्हणजे मागे येत असेल. मी मुद्दाम विश्वास ठेवला. पारोळ्याला पुन्हा विचारलं. “लागस आबा.” तिने पाणी मागितलं, मी थर्मास मागे दिला. तोपर्यंत माझ्या भुवयांवरून घाम डोळ्यांत उतरत होता, आणि तो तिला दिसू नये म्हणून मी पुसतही नव्हतो. बाहेर झाडाची सावली झाडाच्या पायाशी गोळा झालेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, चारी काचा गच्च बंद. फागण्याजवळ तिसऱ्यांदा विचारलं. उत्तर उशिरा आलं. पण आलं, “लागस.” देवपूरला दारात गाडी उभी केली, नर्मदा धावत आली, मागचं दार उघडलं, आणि नंदा तिच्या अंगावर कलंडली. तिचं अंग भाजत होतं.

दवाखान्यात दोन दिवस गेले. अखाजीच्या दिवशी सकाळी बाळ झालं. मुलगी होती. तिने आवाज केला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, आईच्या अंगातलं पाणी फार कमी झालं होतं, ताप चढला होता, पण नाळही गळ्याभोवती होती, नक्की कशाने ते सांगता येत नाही. मी त्यातली नाळ धरून ठेवली. नाळ आणि गळका गॅस, या दोन गोष्टींत मी कुठेच नव्हतो. बायका भेटायला येत होत्या आणि आपल्या परीने धीर देत होत्या. आमच्याकडे मूल गेल्यावर पुढच्याला सुपात घालतात, भीक मागून आणलं असं म्हणतात, म्हणजे मग ते टिकतं. म्हणून तर गावोगाव सुपडू, भिका, भिकन. कितीतरी नावांच्या मागे एक न जगलेलं पोर असतं. माझ्या विहीणबाईंच्या नावामागेही असेलच. एक म्हातारी नंदाला म्हणाली, पुढचा भिकन येईल बघ. नंदाने भिंतीकडे तोंड केलं. सव्वा महिन्याने अभिमनराव येऊन तिला घेऊन गेले. जाताना ती माझ्या पाया पडली, पण वर बघितलं नाही. दिवाळीला आली नाही. आईच्या पत्रांना दोन ओळींची उत्तरं. मला एकही पत्र नाही. मला दोष देते आहे, असं मी धरून चाललो होतो, आणि तो तिचा हक्क होता. मग गेल्या आठवड्यात शेजारच्या घरी तिचा फोन आला, अखाजीला येते म्हणून. नर्मदा फोन ठेवून आली ती थेट डाळ निवडायला बसली. मी गाडी घेऊन सुपडूकडे आलो. एवढ्या उशिरा.

सुपडूने दुपारपर्यंत सगळं केलं. सगळा गॅस काढला, ओल शोषणारी बाटली बदलली, पंप लावला. पंप तासभर घुमत होता आणि मी त्याच्या शेजारी उभा राहून काट्याकडे बघत होतो. किती सोपी पायरी. नुसतं उभं राहायचं. निघताना सुपडू म्हणाला, “आता काळजी नाही सर. ताईंना आरामात घेऊन या.” दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. या वेळी एसी पहिल्यापासून लावला. फागणे, पारोळा. एरंडोल आलं तेव्हा मी डावा हात जाळीसमोर धरून बसलो होतो. एरंडोल मागे पडलं. गारच. पाळधी, तरीही गारच, बोटं बधिर होतील इतकं. मला रडू आलं. गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो. आणि तिथेच ठरवलं की नंदाला सगळं सांगायचं. गॅस गळाला नव्हता, मी पायरी गाळली होती. तिने मला बोलावं, शिव्या द्याव्यात, पण निदान खऱ्या गोष्टीसाठी द्याव्यात.

नंदा तयार होती. बॅग भरून कॉटवर ठेवलेली, अंगावर नवी साडी. वाळली होती. विहीणबाई चहा टाकायला आत गेल्या आणि आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत उरलो. मी आढेवेढे न घेता सांगायला लागलो, व्हॅक्यूम, ओल, बर्फ, वर्कशॉपमध्ये शिकवावं तसं. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, “एरंडोलच्या पुढे बंद पडला ना?” मी थांबलो. मोठं काही बोलायचं असलं की नंदा शाळेतल्या मराठीत बोलते. “मला कळलं होतं, आबा. एरंडोलच्या पुढे लगेच कळलं होतं. तुम्ही विचारत होता आणि मी लागतंय म्हणत होते. तुम्ही किती हौसेने केलं होतं सगळं. सगळ्यांसमोर सांगून मला आणलं होतं. मला वाटलं, धुळं तर आलंच. तुमचा हिरमोड कशाला करायचा? काच खाली करा, एवढे तीन शब्द मी बोलले नाही. माझ्या पोटात ती फिरत होती, मग फिरायची थांबली, तरी मी बोलले नाही.” तिचा आवाज जराही हलत नव्हता. “म्हणून मी येत नव्हते. तुमचं तोंड बघितलं की मला वाटतं, यांना बरं वाटावं म्हणून मी माझी पोर दिली. तुमचा काही दोष नाही. तुम्हाला काय माहीत? मी खोटं बोलले आणि तुम्ही विश्वास ठेवला.”

वर्षभर माझी पोर हे डोक्यावर घेऊन बसली होती आणि मी इकडे नाळ आणि गॅस धरून बसलो होतो. तिच्या डोक्यावरचं हे ओझं आत्ताच्या आत्ता उतरवायचं, एवढंच मला कळत होतं. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, “नंदा, तू नाही गं. मला माहीत होतं. मी जाळीसमोर हात धरून बघितला होता. एसी गेलाय हे मला तुझ्याआधी माहीत होतं.”

तिने हात काढून घेतला नाही. तो माझ्या हातात तसाच राहिला, पण त्यातला जीव गेला. ती माझ्याकडे बघायला लागली. त्या दिवसानंतर प्रथमच सरळ माझ्याकडे बघत होती.

“तुम्हाले माहीत व्हतं?”

“हाव.”

“पारोळाले इचारं, तवय बी माहीत व्हतं?”

मी होकारार्थी मान हलवली. फागण्याचं तिला विचारायचं असेल, पण विचारलं नाही. मी तिचं ओझं उतरवायला गेलो होतो आणि तिने ते कुणासाठी उचललं होतं ते तिला दाखवून बसलो. थोड्या वेळाने ती उठली, कॉटवरची बॅग उचलून आत घेऊन गेली. आत विहीणबाईंचा आवाज आला, “काय व्हयनं वं?” मग नंदा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “आबा, यंदा राहू द्या.” मी पाणी प्यालो. थांब म्हणालो नाही, चल म्हणालो नाही. विहीणबाई चहाचा कप हातात धरून दारात उभ्या होत्या, त्या दोघींकडे न बघता मी चप्पल घातली.

धुळ्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गाडीचा आवाज ऐकून नर्मदा बाहेर आली. तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा, लेकीवरून ओवाळून टाकायला. ती मागच्या दाराजवळ येऊन उभी राहिली. काचेतून आत बघितलं. मग पुढच्या सीटकडे बघितलं. मग माझ्याकडे. “नंदा?” मी गाडीचं दार लावलं, किल्ली खिशात टाकली. रस्ताभर मी नर्मदेला काय सांगायचं ते जुळवत आलो होतो. सगळं खरं सांगायचं ठरवलं होतं. म्हणालो, “ऊन भलतं शे. ऊन कमी व्हयनं का मी येसू, आसं म्हने नंदा.”

नर्मदेने माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. “बरं,” ती म्हणाली. ओवाळायला घेतलेला तुकडा तसाच आत नेत नाहीत. ती तो हातात धरून जरा वेळ उभी राहिली, मग पुढे आली, माझ्यावरूनच तीनदा ओवाळला आणि दूर टाकून दिला.